दिसला म्हणजे आला?

नाशिक शहरात बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत काही शब्द हमखास येतात : 'शिरकाव', 'भरकटलेला', 'भक्ष्याच्या शोधात'. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडवरील सावरकरनगरात बिबट्या आढळला. बघ्यांची गर्दी जमली आणि त्या धावपळीत काही जण जखमी झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको व गोविंदनगर या भागांत एकाच दिवशी दोन बिबटे पकडले गेले. दोन्ही वेळा बातम्यांचा सूर एकच होता : जंगलातला प्राणी चुकून गावात आला.

या सुरामागे एक गृहीतक आहे. बिबट्याचे घर जंगल. शेतात वा वस्तीत तो दिसला तर तो पाहुणा, आणि म्हणून तेथे दुर्मिळ. गृहीतक तपासून पाहणे हे विज्ञानाचे काम. ते काम नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात झाले आहे. विद्या अत्रेय, मॉर्टेन ओडन, जॉन लिनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि उल्हास कारंत यांचा शोधनिबंध २०१३ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. 'आपल्या परसातली मोठी मांजरे' असा त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ सांगता येईल. शिक्षकांनी तो वाचावा असे आम्हाला वाटते. मात्र डोळे उघडे ठेवून वाचावा.

निबंधाचे पहिले बळ म्हणजे पुराव्याची निवड. 'मी बिबट्या पाहिला' हे विधान खरे असू शकते. पण अंधारात मोठा कुत्रा, तरस किंवा रानमांजरही बिबट्यासारखे भासते. शिवाय ग्रामीण बोलीत 'वाघ' हा शब्द पुष्कळदा बिबट्यासाठीही वापरला जातो. एकच बिबट्या चार वस्त्यांवर दिसला तर चार बातम्या होतात, आणि चार बिबटे उसात पडून राहिले तर एकही होत नाही. म्हणजे दर्शनांची संख्या ही प्राण्यांची संख्या नव्हे. संशोधकांनी वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यामुळे आज टिपलेला आणि परवा टिपलेला बिबट्या एकच की दोन, हे सांगता येते.

यापुढची रीत वर्गात करून पाहण्याजोगी आहे. बरणीत न मोजता वाटाणे भरा. त्यांतील २० काढून शाईने खूण करा, परत टाका आणि बरणी नीट हलवा. आता ३० वाटाणे काढा. त्यांत ५ खुणेचे निघाले, तर एकूण वाटाणे अंदाजे २० गुणिले ३० भागिले ५, म्हणजे १२०. हाच प्रयोग पाच गटांनी केला तर पाच वेगळी उत्तरे येतील. अंदाज म्हणजे काय आणि त्यातील अनिश्चितता म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना हातांनी कळेल. निबंधातील रीत याहून पुष्कळ सुधारलेली आहे. मूळ कल्पना मात्र हीच.

निष्कर्ष चकित करणारा होता. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, रानटी तृणभक्षी प्राणी नाहीत, अशा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे (प्रमाण विचलन १.२) आणि ५ प्रौढ तरस आढळले. मग ते खातात काय? याच परिसरातील विष्ठेच्या नमुन्यांवर अत्रेय व सहकाऱ्यांनी नंतर प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. पाटाचे पाणी आले, ऊस आला, बारमाही आडोसा मिळाला. वस्तीजवळ उकिरडा आला, त्यावर कुत्री पोसली गेली. बिबट्या भरकटून आला नाही. त्याच्या गरजा जेथे भागतात तेथे तो राहतो आहे. ऊसतोडणीच्या वेळी सापडणारे बछडे तेच सांगतात. पाहुणा कोणी परक्या घरी बाळंतपण उरकत नाही.

आता उणिवा. शीर्षकात 'टिकून राहणे' असा दावा आहे. पण टिकणे ही काळाची गोष्ट, आणि कॅमेऱ्यांची ही मोजणी एका हंगामाची आहे. तीच मोजणी काही वर्षांनी पुन्हा झाली तरच दाव्याला पूर्ण आधार मिळेल. दुसरे, ४.८ हा आकडा बागायती खोऱ्याचा आहे. त्याला नाशिक जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने गुणून 'जिल्ह्यात इतके बिबटे' असे सांगणे ही अंकगणिताची हौस झाली, विज्ञान नव्हे. निफाडचा ऊस, सिन्नरचे माळ आणि इगतपुरीचे डोंगर यांना एक माप लागू होणार नाही. तिसरी गोष्ट अधिक गंभीर. तेथे माणसांवरील हल्ले विरळ होते असे निबंध नोंदवतो, आणि जवळच्या भागांत मृत्यू झाल्याचेही सांगतो. घाईने वाचणारा पहिले लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. 'सहजीवन' हा शब्द त्या घरांसमोर उच्चारताना जपावे लागते.

मग या शोधाचा उपयोग काय? गृहीतक चुकले की उपायही चुकतो, हे त्यातून उमगते. बिबट्या पाहुणा मानला की त्याला 'घरी' पोचवणे ओघानेच येते. जुन्नर भागात फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात १०३ बिबटे पकडले गेले आणि ४० दूरच्या जंगलांत सोडले गेले. अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ च्या निबंधानुसार माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर. 'नंतर' घडले म्हणून ते 'त्यामुळेच' घडले असे लगेच म्हणता येत नाही, हा धडा येथेही लागू आहे. पण सोडलेल्या ठिकाणांजवळही हल्ले वाढले, ही बाब संशय बळावणारी आहे. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरू शकतो.

तेव्हा शाळेने काय करावे? मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवावे : पुरावा कोणता, आणि त्यावरून किती सांगता येते? त्याबरोबरच शाळेमागचा उकिरडा हटवावा, सांजवेळी लहानांनी उसाकडेने एकटे जाऊ नये याची व्यवस्था करावी, आणि बिबट्या दिसलाच तर गर्दी न करता वनखात्याला कळवावे. बिबट्या दिसला नाही तरी तो असू शकतो, हे एकदा मान्य केले म्हणजे ही खबरदारी बातमी येईपर्यंत थांबत नाही.