बोदलेअरची संध्याकाळ आणि आपला अभंग

मंडळाच्या स्मरणिकेत फ्रेंच कवितेवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण इथे अमिरातीत आपल्यापैकी अनेकांची मुले शाळेत फ्रेंच शिकतात आणि अभंग-ओवी मात्र त्यांना आजीच्या देवघरातली वाटते. शार्ल बोदलेअरची 'आर्मोनी द्यु स्वार', म्हणजे सायंकाळची सुरावट, ही कविता या दोहोंना जोडू शकेल असे मला वाटते. परदेशात एम.एस. करताना ती प्रथम वाचली. पेशा आय.टी.चा, त्यामुळे आधी रचनेचाच हिशेब मांडला!

१८५७ च्या 'ले फ्लर द्यु माल' या संग्रहातली ही कविता चार कडव्यांची, सोळा ओळींची. ओळीत बारा अक्षरे, सहाव्यानंतर यती. बारा म्हटल्यावर भुजंगप्रयात आठवेल, पण फ्रेंच छंदात लघु-गुरू नाहीत, नुसती अक्षरे मोजायची. म्हणजे नाते आपल्या अक्षरछंदाशी. मोठ्या अभंगाचे सहा-सहा अक्षरांचे दोन चरण जोडले की ही ओळ तयार. आणखी एक गंमत पाहा. 'घर' बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो, पण अभंगात ती दोन अक्षरे धरतो. फ्रेंच बोलण्यात गिळला जाणारा शब्दाअखेरचा स्वरही पुढे व्यंजन आले की कवितेत मोजला जातो.

यमके दोनच, 'ईज' आणि 'वार'. 'स्वार' म्हणजे संध्याकाळ, 'न्वार' म्हणजे काळा. त्याच यमकात कवी चर्चमधले धूपदान, मिरवणुकीतली वेदी आणि पवित्र प्रसाद दाखवण्याचे पात्र आणतो. सूर्यास्ताची पूजा होते ती यमकामुळे.

पण खरी करामत पुनरावृत्तीची. प्रत्येक कडव्याची दुसरी व चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली व तिसरी होते. मोरोपंतांसारख्या पंडित कवींच्या दामयमकात चरणाअखेरचे शब्द पुढच्या चरणाच्या आरंभी येतात; इथे अख्खी ओळ येते. सोळांपैकी वेगळ्या ओळी फक्त दहा. तरी कंटाळा येत नाही, कारण ओळ तीच राहते आणि शेजार बदलतो. व्हायोलिन दुखावलेल्या हृदयासारखे थरथरते, ही आधी केवळ उपमा असते. ओळ परत येते तेव्हा तिच्या पुढेच एक खरे, हळवे, काळ्या पोकळीचा द्वेष करणारे हृदय उभे असते. उपमा आता अनुभव झालेली असते.

ही रचना मूळची मलय भाषेतली. व्हिक्टर ह्यूगोने १८२९ च्या 'ले ओरिएंताल'च्या टिपांत तिचा नमुना दिला होता. बोदलेअरने साखळी राखली, पण एकाआड एक यमकांऐवजी पहिल्या-चौथ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळींची यमके जुळवली. पहिली ओळच शेवटी आणायची, ही पुढे रूढ झालेली प्रथाही इथे नाही. शेवटची ओळ नवी आहे, आणि तिथे प्रथमच 'तुझी आठवण' येते. इतक्या आवर्तनांनंतर आलेली ती एकटी ओळ म्हणूनच उजळते. माझ्या मते कवितेचे सारे यश या नियमभंगात आहे, आणि आधीचे नियम काटेकोर पाळले नसते तर तो जाणवलाही नसता.

छंद म्हणजे जुनाट बंधन, असे मानणाऱ्या मुलांना हे ऐकवावे. ही कविता आणि तुकोबांचा एखादा अभंग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, बोटांवर अक्षरे मोजू द्या. अर्थ हळूहळू कळेल. मात्र कान लहानपणीच तयार व्हावा लागतो, आणि मराठीसाठी तो इथे घरातच तयार होणार.