पाहिले कोणते, लिहिले कोणते?

मराठी शोधनिबंधात पुस्तकाचा संदर्भ देताना आपण आवृत्ती, प्रकाशक, पृष्ठ असे सारे काटेकोर नोंदवतो. त्याच निबंधात चित्रपट आला की ‘राजा हरिश्चंद्र, १९१३’ एवढ्यावर भागवतो. ही सवय निरुपद्रवी नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. मूळ चित्रपट चार रिळांचा. त्यातले पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, असे मानले जाते. परंतु फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली होती. उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

हा वाद नुसत्या सनावळीचा नाही. संगणकावर ही दृश्ये पाहून मी स्वतः एका लेखात लिहिले होते, की पहिल्याच प्रयत्नात फाळक्यांना पात्रांची मांडणी इतकी साधली, म्हणजे त्यांची दृष्टी उपजतच होती. आता दृश्ये १९१७ची निघाली तर? मधल्या काळात ‘मोहिनी भस्मासुर’ झाला, ‘सत्यवान सावित्री’ झाला, १९१४ची इंग्लंडवारी झाली. मी उपजत ठरवलेले कसब मग कमावलेले ठरते. माझा सगळा निष्कर्ष एका न तपासलेल्या सनावर उभा होता.

दुसरे उदाहरण प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे (१९३६). त्यात विष्णुपंत पागनिसांनी गायिलेले ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांचे. ते तुकोबांचाच अभंग समजून गाणारे, सांगणारे आजही भेटतात. अभ्यासकाने ते ‘तुकोबा म्हणतात’ असे लिहून पुढे केले, की सतराव्या शतकाच्या विचारविश्वात विसाव्या शतकाचे शब्द शिरतात. चित्रपट आणि गीतकार यांची नोंद असती, तर ही गल्लत झालीच नसती.

म्हणून चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, निर्मितीसंस्था आणि वर्ष यांबरोबर आपण पाहिलेली प्रत कोणती, ती कुठे व केव्हा पाहिली, हेही लिहावे. इंटरनेटवर पाहिली असल्यास ती कोणी, केव्हा चढवली ते द्यावे. प्रसंगाचा मिनिट-सेकंद जरूर द्यावा, पण प्रतीच्या नोंदीसह. मूकपट दाखवण्याचा वेग बदलला की तेच दृश्य आधी किंवा नंतर येते. मग नुसता आकडा वाचकाला भलतीकडे नेतो.

नागपुरात राहणाऱ्या आणि संस्थेचा आधार नसलेल्या माझ्यासारख्याला दर वेळी पुणे गाठता येत नाही. त्यात कमीपणा नाही. संगणकावरची अपुरी प्रत पाहून लिहिले, तर तसे सांगावे. न पाहिलेल्या रिळाचा सन मात्र तिला चिकटवू नये.