कोणत्या सालच्या जिजाऊ?

आजचा विषय जरा शिंप्याच्या दुकानातला आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कपड्यांवर का बोलावं, असं एकदोघांनी आधीच कळवलंय. बोलण्याच्या ओघात त्याचं उत्तर येईल अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एका वारसा-दालनासाठी सतराव्या शतकातले पोशाख करून पुतळ्यांना नेसवायचे ठरले. सल्लागार म्हणून मलाही बोलावलं होतं. दालनाचं नाव सांगत नाही, कारण चुकीत माझाही वाटा आहे. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे जिजाऊ माँसाहेबांचा पुतळा मध्यभागी असणार हे ओघानंच आलं. नमुना समोर आला: चकचकीत जांभळी, भरजरी, आजच्या पद्धतीची पैठणी आणि नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. जवळून पाहिलं तर कापड पॉलिस्टर, काठ मशीनवर शिवून लावलेला. मी म्हटलं, हे त्या काळातलं नाही. त्यावर एक वडीलधारे सदस्य म्हणाले, ‘‘मग काय सर, माँसाहेबांना जाडंभरडं नेसवायचं?’’ सगळी बैठक त्यांच्याकडे झुकली. मी गप्प बसलो आणि कागदावर सही केली.

आज त्या गप्प बसण्याची झडती घ्यायची आहे.

आपल्या दर्शनांत ज्ञानाच्या साधनांना प्रमाणं म्हणतात हे तुम्हाला मागच्या व्याख्यानांतून ठाऊक आहे. पोशाखाच्या बाबतीत प्रत्यक्ष म्हणजे त्या काळाचा खरा कपडा. तो आपल्याकडे फारसा नाही. सुती कापड आपल्या हवेत, वाळवीत, पावसाळ्यात चारशे वर्षं कुठून टिकणार? पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रं दिसतात, पण आपण जी जुनी वस्त्रं पाहतो ती बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे उरलं अनुमान: चित्रावरून, शिल्पावरून, कागदपत्रांवरून.

आता लखुजीराव जाधव निजामशाहीतले बडे सरदार, तर निजामशाहीचं चित्र पाहू. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं फारसी हस्तलिखित आहे, १५६५ च्या सुमाराचं, अहमदनगरच्या दरबारातलं. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. तीसेक वर्षांचंच अंतर. त्या चित्रांतल्या बायकांच्या अंगात चोळ्या आहेत, पाठीवर लांब वेण्या आणि वेण्यांच्या टोकाला गोंडे आहेत. आपल्या नाटक-सिनेमांतली बाई तिथे सापडत नाही. हे दरबारी चित्र आहे, चित्रकारांच्या घराण्याच्या सवयी त्यात मिसळलेल्या आहेत, हे मान्य. पण जवळचा साक्षीदार सोडून आपण कोणाकडे जातो? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या तसबिरींकडे, आणि त्यानंतरच्या बोलपटांकडे. त्यांनी आपलं डोळ्यांचं वळण इतकं पक्कं करून ठेवलंय की खरा पुरावाच आपल्याला परका वाटतो.

त्याच हस्तलिखितातली एक गोष्ट सांगून पुढे जातो. त्यात राणी खुंजा हुमायूनची चित्रं होती. पुढे तिच्या मुलाने तिला कैदेत टाकलं, आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती मिटवली गेली. आजही बादशहाशेजारी रिकामी जागा दिसते. इतिहासात स्त्रीची जागा रिकामी असण्याची अशीही कारणं असतात.

जिजाऊंचं तत्कालीन, खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. इथे तत्त्वज्ञान कामाला येतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती एक सहावं प्रमाण मानतात, अनुपलब्धी. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. पण यात अट आहे बरं का: ‘असता तर दिसला असता’ हे आधी खरं असावं लागतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणजे घडा नाही, असं म्हणता येत नाही. चित्र नाही, म्हणून जिजाऊ भरजरी नेसतच नव्हत्या, हेही मी म्हणू शकत नाही. आमच्या बैठकीत दोन्ही बाजू अंधाऱ्या खोलीतच भांडत होत्या. फरक इतकाच की त्यांनी तिथे आपला घडा नेऊन ठेवला.

त्याहून मोठा घोटाळा वर्षाचा आहे. १६३० मध्ये शिवरायांचा जन्म. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२९ मध्ये, वडील लखुजीराव दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात मारले गेले. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक, आणि १७ जूनला पाचाडला माँसाहेबांचा अंत. ही बाई शहात्तर वर्षं जगली. पोटात मूल असताना वडील गमावलेली लेक आणि राज्याभिषेक पाहणारी दहा वर्षांची विधवा यांना एकच लुगडं कसं नेसवणार? पुतळ्याखाली नाव होतं, साल नव्हतं. साल लिहायचं ठरवलं असतं तर नथ ठेवायची की नाही, या प्रश्नापाशी बैठक अडली असती. कदाचित म्हणूनच कोणी साल काढलं नाही. मीही नाही.

नथेवरून आठवलं, प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहून ठेवलाय. जुन्या शिल्पांत नाकातला दागिना दिसत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. लोणारला दैत्यसूदनाच्या मंदिरात गेलात तर बाह्य भिंतीवरच्या स्त्रियांच्या नाकांकडे या नजरेने पाहा. दागिन्यालाही जन्मतारीख असते.

आता ‘जाडंभरडं’. हा शब्द मला जास्त बोचला, कारण आपण वऱ्हाडचे. या काळ्या मातीत आखूड धाग्याचा देशी कापूस शतकानुशतकं पिकला. हाताने कातलेलं सूत, हाताने फेकलेला धोटा. जेवढा हात पोचेल तेवढाच कापडाचा पन्हा. झटक्याचा धोटा इंग्लंडात १७३३ चा, आपल्या मागांवर तो फार उशिरा आला. म्हणजे सतराव्या शतकातला अंगरखा आजच्या चव्वेचाळीस इंची पन्ह्यातून बेतला की पहिल्या कात्रीलाच चुकला. जोड कुठे येतात, कळ्या किती पडतात, हे पन्हाच ठरवतो. रंग म्हणाल तर नीळ, आलीच्या मुळ्यांचा लाल, आणि कुसुंबा, म्हणजे आपल्या करडईच्या फुलांचा. पहिला रासायनिक रंग १८५६ चा, आणि तो जांभळाच होता! बंद बांधायचे, बटण, हूक, सेफ्टी पिन काही नाही. हे सगळं करता येतं. खर्चही भरजरी पैठणीपेक्षा फार होणार नाही, पण कातणारी, विणणारी माणसं शोधावी लागतात. ती का सापडत नाहीत? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा निघाला, गाठी मुंबईला आणि तिथून बोटीने बाहेर गेल्या, गिरणीचं कापड परत आलं. त्याच वाटेवरचं शेवटचं स्टेशन म्हणजे आमच्या पुतळ्यावरचं पॉलिस्टर. ज्याला आम्ही जाडंभरडं म्हणून नाकारलं ते इथल्या हातांचं काम होतं. त्यात माँसाहेबांचा अवमान कसा होतो, हे मला तेव्हा विचारता आलं असतं.

टीका केली तर पर्याय सांगावा लागतो. माझं म्हणणं असं: जिजाऊंचा नेसवलेला पुतळा ठेवूच नये. सिंदखेडचा राजवाडा, तिथले तलाव, लखुजीरावांची समाधी असताना वेगळ्या पुतळ्यावाचून त्यांची आठवण अडत नाही. दालनात हातमागाच्या पन्ह्याचं एक लांब, न रंगवलेलं लुगडं घडी करून ठेवावं. शेजारी कुसुंब्याची, निळीची, आलीची एकेक लड. खाली लिहावं: त्या काळी या भागात असं सूत, असे रंग होते, माँसाहेब नेमकं काय नेसत, याचा पुरावा नाही. मावळ्याचा, शेतकऱ्याचा, हुजऱ्याचा पोशाख मात्र जरूर करावा, चित्रांचा आधार घेऊन, आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो पाहिलेला की अनुमानलेला, ते लिहून. लोक नाराज होतील. पहिल्या वर्षी होतील.

दालन उघडलं त्या दिवशी चौथी-पाचवीतली एक मुलगी काचेला नाक लावून उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आजोबा, ही साडी त्यांचीच हाय का?’’ तिच्या बाईंनी लगेच सांगितलं, ‘‘हो गं, त्यांचीच.’’ मुलीने हात जोडले. मी तिथेच होतो, आणि सही माझी होती.

प्रश्न असतील तर घेऊ या.