‘बॅटरीचे आरोग्य’ : एका उपदेशपर गद्याची भाषिक चिकित्सा

लॅपटॉपची बॅटरी कशी राखावी याविषयी मराठीत अलीकडे बरेच लिहिले जाते. उत्पादकांच्या पुस्तिकांचे अनुवाद, वृत्तपत्रांतील तंत्रविषयक सदरे आणि दुरुस्तीच्या दुकानांतील तोंडी सल्ला, असे त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. वाङ्मय म्हणून त्याची दखल कोणी घेणार नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाने ती घ्यावी असे त्यात काही आहे. एकजण म्हणतो, बॅटरी पूर्ण उतरल्याखेरीज भरू नये. दुसरा म्हणतो, ती सदैव पूर्ण भरलेली असावी. या विसंगतीचे खापर सामान्यतः सांगणाऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे मूळ पुष्कळ अंशी ‘बॅटरी’ या एकाच शब्दात आहे.

माहूर व किनवट तालुक्यांत बोलींच्या ध्वनिमुद्रणासाठी हिंडताना हे प्रथम लक्षात आले. माहूरला रेणुकेच्या गडावर पहाटेच्या अंधारात निघालेला वयस्क माणूस ‘बॅटरी घे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हातातला दिवा असतो; त्या दिव्याच्या पोटातली वस्तू म्हणजे ‘सेल’. त्याच्याच अंगणातील ट्रॅक्टरची बॅटरी शिसे व आम्ल यांची. काही वर्षांपूर्वीच्या बिनतारी दूरध्वनीत ती निकेल व कॅडमियमची होती, आणि नातवाच्या लॅपटॉपमध्ये ती लिथियमची आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही चार निराळी कुळे होत. बोलीने त्यांना एका नावाखाली आणले, आणि नावाबरोबर उपदेशही एका कुळातून दुसऱ्या कुळात गेला.

यांतील प्रत्येक उपदेश आपापल्या जागी खरा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची चाल आपल्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिली आहे. उष्णतेने त्यातील क्रियेस थोडा वेग येतो व दिवा आणखी काही रात्री जळतो. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या गंधकयुक्त क्षाराचे कठीण स्फटिक बसतात. म्हणून ती भरलेली ठेवणे हेच शहाणपण. निकेल-कॅडमियमची बॅटरी वारंवार एकाच अर्धवट टप्प्यापासून भरली तर पुढे त्या टप्प्याशीच तिचा जोर ओसरू लागतो. या गुणास ‘स्मृती’ म्हणत, आणि ती पुसण्यासाठी बॅटरी पूर्ण उतरवीत.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. तिच्या जडणघडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला वरील अर्थाची स्मृती जवळजवळ नाही. तिला जाचतात त्या गोष्टी दोन. एक उष्णता, दुसरी, दोन्ही टोकांना दीर्घकाळ राहणे. सर्वसाधारण लिथियम घट सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. त्या उंचीवर तो जितका काळ राहील, तितक्या आतील अनिष्ट उपक्रिया वाढतात. म्हणून नेहमीच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असणे तिला मानवते, दीर्घकाळ ठेवून द्यावयाची तर निम्मी भरून थंड जागी ठेवावी, आणि वायर सदैव जोडलेली असेल तर ८० टक्क्यांशी भरणे थांबविण्याची जी सोय पुष्कळ लॅपटॉपांत असते ती चालू करावी. कित्येक उत्पादक वापरासाठी ३५ अंशांच्या आसपासची मर्यादा सांगतात; नांदेडकडचा मे महिना चाळिशीपलीकडे जातो. उन्हात सेल ठेवण्याची सवय येथे केवढी महाग पडेल, ते उघड आहे. पूर्ण उतरवण्याचा सल्ला अजूनही क्वचित योग्य असतो, परंतु तो टक्केवारी दाखविणारे मापन ताळ्यावर आणण्यासाठी. घटाच्या हितासाठी नव्हे. हा भेद आपल्या सदरांतून सहसा केला जात नाही.

आता ‘आरोग्य’ या शब्दाकडे वळू. इंग्रजी शब्दाचा हा सरळ अनुवाद आहे आणि, माझ्या मते, फसलेला आहे. मराठीत आरोग्य बिघडते व सुधारते. त्यास पथ्य असते, औषध असते. ‘बॅटरीचे आरोग्य ८० टक्के’ हे वाचणारा मनुष्य स्वाभाविकपणेच उपाय विचारतो, आणि कोणी तरी त्याला तीनदा पूर्ण उतरवून भरण्याचा काढा सांगतो. वस्तुतः ही झीज आहे. ती मंद करता येते, भरून काढता येत नाही.

आणि येथे बोली अनुवादकापेक्षा सरस ठरते. माहूरच्या बाजारात ‘बॅटरी उतरली’ आणि ‘बॅटरी बसली’ हे दोन प्रयोग मी ऐकले आहेत, आणि बोलणारे त्यांची गल्लत करीत नाहीत. उतरतो तो ताप, उतरते ती नशा, उतरते ते पुराचे पाणी. जे उतरते ते पुन्हा चढू शकते. बसतो तो धंदा, बसते ती भिंत. पहिला प्रयोग आजच्या साठ्याविषयी आहे, दुसरा कायमच्या क्षमतेविषयी. आमचे छापील गद्य दोन्हींसाठी ‘संपली’ लिहून मोकळे होते. परिभाषेत ‘विद्युत् घट’ हा चांगला शब्द आहे खरा; पण घट म्हटला की तो काठोकाठ भरावा हे आमच्या मनात, निदान घटस्थापनेच्या गावी, आपोआप येते, आणि लिथियमला नेमके तेच नको असते. एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की ‘बसली’ म्हणजे पूर्ण गेली, अंशतः बसणे संभवत नाही. मला तो पटत नाही. गळा थोडा बसतोच की. ‘बॅटरी पाचव्या हिश्श्याने बसली आहे’ हे वाक्य कोणासही कळेल, आणि ते ऐकून काढा कोणी विचारणार नाही.

हा विषय मला केवळ शब्दांचा वाटत नाही, त्यास कारण आहे. एका दुकानातील सल्ल्यावरून मी दर महिन्यास लॅपटॉप पूर्ण उतरवीत असे आणि एरवी तो अहोरात्र वायरीस जोडून ठेवी. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळची क्षमता व आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिलेल्या असतात. तो मी पाहिलाच नव्हता. किनवटकडील एका कोलाम पोडावर एक वृद्ध आजी पेरणीविषयी कोलामीत सांगत असता, पडद्यावर ३० टक्के दिसत असताना, यंत्र बंद पडले आणि चाळीस मिनिटांचे मुद्रण गेले. पुढल्या खेपेस मी त्यांना तेच पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यांनी आनंदाने सांगितले, पण ते दुसरेच सांगणे झाले. पहिल्या वेळी वहीत घाईने टिपलेली दोन क्रियारूपे त्यात आली नाहीत. विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, असे आम्ही म्हणत नाही. वहीतील ती दोन रूपे आता मुद्रणाच्या पुराव्यावाचून आहेत, आणि माझ्या व्याकरणाच्या टिपणात मला ती कंसात ठेवावी लागली आहेत.