‘रिकामे पिंप’ : बेंजामिन व्होर्फच्या एका प्रमाणाची चिकित्सा

भाषा आणि विचार यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) याच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही. परंतु व्होर्फचा चरितार्थ भाषाशास्त्रावर चालत नव्हता. रसायन-अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो १९१९ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथील एका आगविमा कंपनीत रुजू झाला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. आग कोठे व कशाने लागू शकेल याचा अंदाज बांधणे आणि लागलेल्या आगींच्या अहवालांची छाननी करणे हे त्याचे नित्याचे काम. १९३९ मध्ये लिहिलेल्या आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विख्यात निबंधातील आरंभीची उदाहरणे याच कामातून आली आहेत. त्यांनी नेमके काय सिद्ध होते हे पाहणे भाषाशास्त्राइतकेच अग्निसुरक्षेच्या शिक्षणालाही उपयोगाचे आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेट्रोलच्या पिंपांचे. भरलेल्या पिंपांच्या साठ्याजवळ माणसे सावधपणे वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांच्या साठ्याजवळ मात्र धूम्रपानाला फारसा आळा नसतो, विडीकाडी खुशाल टाकली जाते, असे व्होर्फचे निरीक्षण आहे. वस्तुतः धोका येथेच अधिक. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात मिसळली म्हणजे ते मिश्रण ठिणगीने पेटते. भरलेल्या पिंपातील थोड्याशा मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की ज्वलनास पुरेशी हवा उरत नाही. उपसलेल्या पिंपात उरल्यासुरल्या थेंबांची वाफ व आत शिरलेली हवा यांचे मिश्रण सहज स्फोटक होते. ‘रिकामे’ या शब्दाने निरुपद्रवीपणाची सूचना मिळते आणि वर्तन त्या सूचनेनुसार घडते, असे व्होर्फचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनावर स्टीव्हन पिंकर याने १९९४ मध्ये घेतलेला आक्षेप सर्वश्रुत आहे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा कामगाराला फसवले ते त्याच्या डोळ्यांनी, भाषेने नव्हे. हा आक्षेप बिनतोड वाटला, तरी तो एकट्या कामगाराला एकट्या पिंपासमोर उभे करतो. कारखान्यात तसे घडत नाही. तेथे पिंप दिसण्यापूर्वीच त्याची वर्गवारी झालेली असते. भरलेली पिंपे एकीकडे, रिकामी दुसरीकडे, ही विभागणी कोठाराच्या नोंदवहीतील शब्दांनी केलेली असते, आणि माणसांची सावधगिरीही त्याच विभागणीच्या मागोमाग जाते. नोंदवहीच्या दृष्टीने ‘रिकामे’ हा शब्द अगदी खरा आहे, कारण माल संपला आहे. तोच शब्द हिशेबाच्या व्यवहारातून सुरक्षेच्या व्यवहारात न तपासता आला की खोटा ठरतो. दोष शब्दाच्या अर्थात नसून त्याच्या स्थलांतरात आहे.

मात्र एवढ्याने व्होर्फचा व्यापक सिद्धान्त सिद्ध होत नाही. भिन्न भाषांमुळे भिन्न वर्तन घडते असे दाखवावयाचे, तर दुसरी भाषा बोलणारे कामगार त्याच पिंपाशी निराळे वागतात असा पुरावा हवा. तो निबंधात नाही. मराठीचेच पाहावे. ‘रिकामा डबा’, ‘रिकामा वेळ’, ‘रिकामा माणूस’ या प्रयोगांत काही न उरल्याची वा काही काम नसल्याची तीच छटा आहे, आणि मराठी कामगारही त्याच जाळ्यात सापडू शकतो. अर्थात हे उदाहरण इंग्रजीच्या घडणीविषयी काही सांगत नाही. त्यावरून होपी भाषेच्या व्याकरणापर्यंत घेतलेली व्होर्फची झेप निराधार राहते.

त्याचे दुसरे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. लाकडाच्या ऊर्ध्वपातनाच्या एका कारखान्यात धातूच्या भट्ट्यांना चुनखडीपासून केलेल्या द्रव्याचे आवरण होते, आणि त्याच्या नावातच ‘चुनखडी’ हा शब्द होता. ज्वाळांपासून त्याचे रक्षण करण्याची गरज कोणाला वाटली नाही. परंतु ॲसिटिक आम्लाच्या वाफांनी त्यातील काही चुनखडीचे कॅल्शियम ॲसिटेट झाले होते. आगीची धग लागताच त्यातून ज्वालाग्राही ॲसिटोन निघाले आणि ‘दगड’ भडकला. पदार्थ बदलला, नाव तेच राहिले. धोक्याचे मूल्यमापन एकदा करून फायलीत ठेवण्याची वस्तू का नव्हे, याचे याहून स्पष्ट कारण देता येणार नाही.

या संदर्भात भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ ची शब्दयोजना लक्षणीय आहे. ज्वालाग्राही पदार्थ ज्यात ‘आहे किंवा पूर्वी होता’ अशा कोणत्याही पात्राला, तो पदार्थ व त्याच्या वाफा काढून टाकण्याची पुरेशी उपाययोजना केल्यावाचून, वेल्डिंग करण्यास वा उष्णतेने कापण्यास त्या कलमाने मनाई केली होती. ‘रिकामे’ या विशेषणाला तेथे थाराच नव्हता. त्याचे काम एका भूतकाळी क्रियापदावर सोपवलेले होते. कामगारांच्या प्रशिक्षणाने उचलावयाचा धडा हाच आहे. पात्राचे नाव काय, हे विचारून थांबू नये. त्यात काय होते आणि आता काय उरले आहे, हे विचारण्याची सवय लावावी. व्होर्फ भाषाशास्त्रज्ञ म्हणून येथे कमी पडला असेल, परंतु आगीचा तपासनीस म्हणून त्याने ठेवलेले बोट अचूक जागी आहे.