एका वेषातील चार खेळ : ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संग्रहाची समीक्षा

प्रास्ताविक

एखाद्या लेखकाच्या निवडक कथा एका वेष्टनात आल्या की वाचक त्या परस्परांशी ताडून पाहू लागतो आणि सुट्या वाचनात न जाणवलेले गुणवत्तेतील चढउतार ठळक होतात. साहित्यातील संपादित संग्रहांची समीक्षा याच अंगाने होत आली आहे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातही जुन्या खेळांचे संग्रह निघतात. मात्र त्यांची चर्चा बहुधा खेळांच्या संख्येपाशी थांबते. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संग्रहाच्या आधारे त्यातील विषम गुणवत्तेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संख्येचा आभास

१९९० च्या दशकात बालपण गेलेल्या महाराष्ट्रातील अनेकांना खेळांचा संग्रह प्रथम भेटला तो टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधून. ही यंत्रे बहुतांशी निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी, किंवा मधल्याच एखाद्या टप्प्यापासून सुरू होणारे, यादीत पुन्हा पुन्हा येत. या कॅसेटला संपादक नव्हता, म्हणून निवडीची जबाबदारीही कोणाची नव्हती. ‘ऑल-स्टार्स’मध्ये खेळ चारच, पण ते निर्मात्याने स्वतः निवडलेले असल्याने त्यांची समीक्षा संभवते.

चार खेळ, चार हेतू

पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५). धावणे आणि उडी मारणे या दोनच क्रियांवर त्याचे ३२ टप्पे उभे आहेत. आरंभीच्या टप्प्यात शत्रू, वीट व खड्डा यांची ओळख एकेक करून होते; खेळ स्वतःच खेळाडूला शिकवत जातो. दुसरा, जपानमध्ये १९८६ मध्ये आलेला उत्तरार्ध, संग्रहात ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने येतो. पहिल्या खेळात पारंगत झालेल्यांसाठी तो रचलेला होता. त्यात विषारी अळंबी आहे, उडी भरकटवणारा वारा आहे आणि पुढे नेण्याऐवजी मागे ढकलणारे गुप्त मार्गही आहेत. अमेरिकेत तो फार कठीण ठरेल म्हणून तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. त्याऐवजी १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ हा वेगळाच खेळ मारिओची पात्रे घालून १९८८ मध्ये तेथे आणला गेला. तोच संग्रहातील तिसरा खेळ. येथे शत्रूवर उडी मारून त्याला चिरडता येत नाही. जमिनीतून उपटलेल्या भाज्या फेकाव्या लागतात. चौथा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) नकाशा, उड्डाण आणि आठ भिन्न प्रदेश यांमुळे चौघांत सर्वांत समृद्ध ठरतो.

सारांश, पहिला खेळ पाया, दुसरा त्याचे ताणलेले रूप, तिसरा दत्तक व चौथा परिपाक आहे. त्यांची गुणवत्ता समान नाही आणि ती तशी असण्याचे कारणही नाही.

समान वेषाचा प्रश्न

संग्रहाची खरी उणीव या विषमतेत नसून ती झाकण्यात आहे. चारही खेळांना नव्या यंत्रावर एकसारखी रंगसंगती, देखावे व संगीत देण्यात आले. त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचा खेळ पाच वर्षांपूर्वीच्या खेळाचा समकालीन वाटू लागतो आणि त्याचा साधेपणा काळाची मर्यादा न वाटता कल्पनेचे दारिद्र्य वाटतो. बदल केवळ वेषातही राहिला नाही. मूळ पहिल्या खेळात वीट फोडताच मारिओ खाली येतो. संग्रहातील आवृत्तीत तो क्षणभर वरच जात राहतो. सरावाच्या हाताला हा फरक लगेच जाणवतो.

तथापि संग्रहाचे श्रेयही नोंदवले पाहिजे. जपानबाहेरच्या खेळाडूंपुढे ‘द लॉस्ट लेव्हल्स’ प्रथम अधिकृतपणे आला तो याच संग्रहातून. प्रगती जतन करण्याच्या सोयीमुळे त्याचा कठोरपणा सुसह्य झाला. चौघांतील सर्वांत दुर्लक्षित खेळालाच संग्रहाचा सर्वाधिक लाभ झाला, असे म्हणता येईल.

समारोप

निन्टेंडोने २०१० मध्ये हाच संग्रह व्ही यंत्रासाठी पुन्हा काढला, तेव्हा सोबत पुस्तिका व संगीताची तबकडी दिली. खेळ मात्र होते तसेच ठेवले. २०२० च्या ‘सुपर मारिओ थ्री-डी ऑल-स्टार्स’ची विक्री तर ३१ मार्च २०२१ रोजी थांबवण्यात आली. जुना खेळ उपलब्ध राहणे निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर संग्रह हेच पुढील पिढीचे मूळ साधन ठरते. अशा वेळी केवळ उत्तम तेवढे निवडणे, किंवा सर्वांना एकच रंग देणे, म्हणजे परंपरेतील प्रयोग, तडजोडी आणि फसगती पुसून टाकणे होय. संग्रहातील दुबळा खेळ हा दोष नव्हे. तो दुबळा का आहे, हे कळण्याची वाट बंद करणे हा दोष आहे. माध्यमांच्या अभ्यासात असे संग्रह वापरताना मूळ आवृत्ती शेजारी ठेवूनच त्यांचे वाचन होणे आवश्यक आहे.