तारे पडले ती रात्र

हॅरिएट पॉवर्सच्या चित्रगोधडीत १५ चौकोन आहेत, पाच-पाचच्या तीन ओळी. अगदी मधल्या चौकोनात आकाशातून तारे कोसळताहेत, खाली माणसे भेदरली आहेत, जनावरे सैरावैरा पळताहेत. ही रात्र १३ नोव्हेंबर १८३३ ची, अमेरिकेत झालेल्या प्रचंड उल्कावर्षावाची. हॅरिएट तेव्हा जन्मलीही नव्हती. १८३७ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्सजवळ ती जन्मली, तीही गुलाम म्हणून. म्हणजे हे तारे तिने डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाहिले, थोरामोठ्यांच्या आठवणींतून.

गुलामांना लिहावाचायला शिकवणे जॉर्जियाने १८२९ मध्ये कायद्याने बंद केले होते. ज्यांच्या हाती लेखणी जाऊ नये असे ठरले, त्यांच्यातल्याच एकीने सुईदोऱ्याने बखर रचली. कापडाचे आकार कापून शिवण्याची तिची रीत पाहून अभ्यासकांना पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेची कापडी चित्रे आठवतात.

ही गोधडी १८९५ ते १८९८ च्या सुमाराची. तीत ईयोब आहे, मोशे आहे, योना आहे. आणि त्यांच्याच बरोबरीच्या चौकोनात १८९५ ची जीवघेणी थंडीही आहे. बायबलातला काळ थोर आणि आपल्या लोकांनी सोसलेला काळ किरकोळ, अशी उतरंड हॅरिएट मानत नाही. शेवटच्या ओळीत बेट्स नावाची एक डुकरीण आहे, ऐसपैस, ठसठशीत. कुणाला न जुमानणारी ही बेट्स जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळाली, एवढेच हॅरिएट सांगते. गुलामगिरीतून निसटणाऱ्यांची पावलेही बहुधा उत्तरेकडे वळत, हे ध्यानात आले की त्या मुक्या जनावराची धाव काळजाला भिडते.

याआधीची बायबल-गोधडी हॅरिएटने ओढगस्तीच्या दिवसांत ५ डॉलरना विकली. विकताना प्रत्येक चौकोनाचा अर्थ घेणारीला समजावून सांगितला, आणि पुढेही ती आपल्या गोधडीला भेटायला जात राहिली. सासरी दिलेल्या लेकीला भेटावे तशी.

पुन्हा मधल्या चौकोनाकडे पाहावे. त्या ताऱ्यांत देवाचा हात आहे, त्यांना थोपवून धरणारा. जग बुडाले असे वाटले आणि तरी सकाळ झाली. गुलामगिरीतून तगून निघालेल्या बाईने गोधडीच्या मधोमध हीच रात्र ठेवली, यातच तिच्या कलेचे सारे बळ आहे. तिच्या हातच्या दोनच गोधड्या आज शिल्लक असल्याचे ठाऊक आहे: एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आणि ही बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात.